समासातली प्रश्नचिन्हं

पहिल्या वर्षाला जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विषय असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र. वर्गात सगळ्यांत नीटनेटक्या नोट्स आपल्या असतात, असं ती लिहिते. जीवशास्त्राच्या तीन वह्या भरल्या आहेत. शीर्षकं जांभळ्या पेनाने, व्याख्या निळ्या, आकृत्या रंगवलेल्या. संख्याशास्त्राची वही वेगळी, तिच्यात प्रत्येक सूत्र चौकटीत. कच्च्या नोट्स पक्क्या करण्यात तिचे रोज अडीच तास जातात. तरी सहामाहीत शंभरापैकी जीवशास्त्रात ५४ आणि संख्याशास्त्रात ३७ गुण पडले. परीक्षेआधी दोन दिवसांसाठी तिच्या वह्या नेणाऱ्या मैत्रिणीला मात्र दोन्ही विषयांत तिच्यापेक्षा जास्त मिळाले. ‘वर तिने माझ्या समासात जागोजागी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करून ठेवली होती. ती खोडण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली,’ असंही पत्रात आहे. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: सिनियरच्या तयार नोट्स घ्याव्यात का, वही सोडून टॅबवर लिहावं का, आणि ‘मी गणिताची नाहीच’, तर संख्याशास्त्र सोडून दुसरा विषय घ्यावा का.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचताना मी त्या पेन्सिलीच्या खुणांपाशी अडले. तू ते तक्रार म्हणून लिहिलं आहेस, आणि इतक्या जपून लिहिलेल्या वहीत दुसऱ्या कुणी खुणा केल्या की वाईट वाटणारच. पण जरा विचार कर. दोन दिवसांत तुझ्या चार वह्या उतरवून काढणं तिला शक्य नव्हतं, रंगवणं तर नाहीच. तिच्या हातात एवढंच होतं की वाचायचं, कळलं नाही तिथे खूण करायची आणि मग त्या खुणेचं उत्तर शोधायचं. तुझ्या कष्टांचा फायदा तिला झाला, हे खरं आहे. पण तुझ्या नोट्स घेऊन तिने जे केलं, ते तू अजून केलेलं नाहीस. ती प्रश्नचिन्हं खोडताना, त्यांतल्या एकाचं तरी उत्तर आपल्याला येतंय का, हे पाहिलंस का?

हा टोमणा नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे की इथे अडकतात ती सगळ्यांत मेहनती मुलं. टंगळमंगळ करणाऱ्याला आपल्याला येत नाही हे ठाऊक तरी असतं. तुला ते कळायला वावच राहत नाही. हात अडीच तास चालू असतो, पानं भरत जातात, अंग दमतं, आणि दमलं की अभ्यास झाला असं वाटतं. कच्च्याची पक्की वही करताना उत्तर समोर उघडं असतं. काही आठवावं लागत नाही, काही निवडावं लागत नाही, चुकायचा तर प्रश्नच नाही. परीक्षेत आठवणं आणि निवडणं या दोनच गोष्टी करायच्या असतात, आणि त्यांचा सराव तुझ्या दिवसात कुठेच नाही.

एक प्रयोग सांगते. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासाला दिला. एका गटाने चारही बैठकांत तो वाचायचा. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचायचा आणि पुढच्या तिन्हींत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायचं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातला पाच मिनिटांचा निकालही ध्यानात ठेव. रात्री वही मिटताना तुला ‘झालं सगळं’ असं वाटतं, ते खोटं नसतं. त्या घडीला ते सगळं खरोखरच डोक्यात असतं. म्हणूनच आपण फसतो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. नोट्स म्हणजे साठा, आणि तो जितका पूर्ण आणि देखणा तितका चांगला. पण साठा पाठ्यपुस्तकात आधीच आहे, आणि तुझ्या वहीपेक्षा पूर्ण आहे. मग नोट्स कशाला हव्यात? मला विचारशील तर, आपण एकटे असताना आपल्याला कुणीतरी प्रश्न विचारावेत म्हणून. ते काम तुझ्या वह्यांमध्ये फक्त त्या पेन्सिलीने केलं होतं.

आता नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही. जीवशास्त्राचं एक पान घेऊ. तुझ्या वहीत परासरणाची व्याख्या निळ्या पेनाने असेल: अर्धपार्य (म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण विरघळलेले पदार्थ अडवणाऱ्या) पटलातून पाणी कमी संहत, म्हणजे कमी दाट, द्रावणाकडून जास्त संहत द्रावणाकडे जाणं. ती पाठही असेल. आता व्याख्येऐवजी पानाच्या डाव्या कडेला एवढंच लिहून बघ: ‘तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. पानाची पेशी का फुटत नाही?’ उत्तर देताना व्याख्या वापरावी लागते, वनस्पतीच्या पेशीला पेशीभित्तिका असते हे आठवावं लागतं, ती भित्तिका आतून येणारा दाब पेलते हे जोडावं लागतं. उत्तर झालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तीच पानाची पेशी दाट मिठाच्या पाण्यात ठेवली तर भित्तिका जागेवर राहते आणि आतलं पटल आक्रसून सुटतं, ते का? दोन ओळींच्या प्रश्नात अर्धा धडा आला. अशा पानावर उत्तर लिहून ठेवायचंच असेल तर मागच्या बाजूला लिही, म्हणजे नजर आधी प्रश्नावर पडेल.

आकृत्यांचंही तसंच. तुझे रंग सोडून दे, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना काम दे. मिओसिस, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन, पुस्तक मिटून काढायला बस. पेशीत फक्त चार गुणसूत्रं घे, दोन जोड्या. आईकडून आलेली तांबडी, वडिलांकडून आलेली निळी. आता एकेक अवस्था काढत जा आणि प्रत्येक टप्प्यावर पेशीतली गुणसूत्रं मोज. बहुतेक मुलं पहिल्या विभाजनातच अडखळतात. तिथे जोडीतली तांबडी आणि निळी एकमेकींपासून वेगळी होतात आणि चारची संख्या दोनवर येते. दुसऱ्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग सुटे होतात, संख्या पुन्हा निम्मी होत नाही. हे तू तीनदा वाचलं असशील. एकदा चुकीचं काढून, कुठे चुकलं ते शोधलंस की पुन्हा वाचायची गरज उरणार नाही. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, ते कुणाला दाखवायचं नाही. आणि चुकलेलं पान फाडू नकोस. त्यावर तारीख घाल, चूक कशी झाली ते बाजूला एका ओळीत लिही. माझ्या मते वहीतली सगळ्यांत मोलाची पानं हीच.

सिनियरच्या नोट्सबद्दल विचारलंस. घे, पण त्या मोडून बघायच्या म्हणून. एक उदाहरण देते. जुन्या नोट्समध्ये बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की ग्लुकोजच्या एका रेणूपासून श्वसनात ३६ किंवा ३८ एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात. नव्या पाठ्यपुस्तकांत आकडा साधारण ३० ते ३२ आहे. दोन्ही घोकलंस तर गोंधळ होईल. फरक का पडला ते शोधलंस तर अख्खी इलेक्ट्रॉन वहन साखळी, म्हणजे श्वसनाचा शेवटचा टप्पा, समजेल. या साखळीपर्यंत इलेक्ट्रॉन आणून देणारे दोन रेणू असतात, एनएडीएच आणि एफएडीएच-टू. पूर्वी एका एनएडीएचमागे ३ एटीपी आणि एका एफएडीएच-टूमागे २ असा पूर्णांकांचा हिशेब धरत. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून प्रोटॉनची ये-जा होते, ती लक्षात घेतली की ते आकडे २.५ आणि १.५ च्या आसपास येतात. सिनियरच्या वहीत हा ‘का’ नसतो, तिथे नुसता आकडा असतो. ‘का’ तिच्या डोक्यात होता, आणि तो उतरवून घेता येत नाही. तुझ्या नोट्स तुझ्या मैत्रिणीला पुरल्या, कारण तिने ‘का’ स्वतः घातला.

टॅबचं उत्तर थोडक्यात. २०१४ साली एक अभ्यास गाजला होता. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी शिक्षकांचे शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि समजेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष. नंतर इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. म्हणून मी ‘टॅब वाईट’ असं सांगणार नाही. आकृत्या आणि सूत्रं हाताने भराभर काढता येतात, तेव्हा तुला वही सोयीची आहे. पण अडचण वहीत नव्हतीच, त्यामुळे ती टॅबने सुटणारही नाही.

आणि आता संख्याशास्त्र. ‘मी गणिताची नाहीच’ हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. ते तू कशावरून ठरवलंस? ३७ गुणांवरून? मग त्या ३७ कडेच नीट बघू. तुझी उत्तरपत्रिका समोर घे आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक खूण कर: हिशेब चुकला, पद्धत चुकीची निवडली, की उत्तर काढूनही त्याचा अर्थ सांगता आला नाही. मग मोज. पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्रात बेरीज, गुणाकार, वर्ग आणि वर्गमूळ याच्या पलीकडे फारसं गणित लागत नाही, आणि तेही कॅल्क्युलेटर करतो. गुण बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेत गेले असतील, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर तुझी अडचण गणिताची नाही. जीवशास्त्रात जी आहे तीच इथेही आहे.

चौकटीतली सूत्रं हे त्याचंच लक्षण. सूत्र कसं वापरायचं यापेक्षा कधी वापरायचं हे ओळखणं अवघड असतं. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत) आणि स्टँडर्ड एरर (काढलेली सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते) ही जोडी घे. तुझ्या वहीत दोन्ही चौकटी शेजारी असतील, म्हणून दोन्ही सारख्या वाटतात. त्याऐवजी पान असं लिही: एका झाडाची २५ पानं मोजली, लांबीचं स्टँडर्ड डेव्हिएशन १० मिलिमीटर आलं. स्टँडर्ड एरर किती? १० भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे २ मिलिमीटर. आता त्याच झाडाची १०० पानं मोजली. स्टँडर्ड डेव्हिएशनचं काय होईल? ते १० च्या आसपासच राहील, कारण पानांमध्ये मुळात जेवढा लहानमोठेपणा आहे तो जास्त पानं मोजल्याने कमी होत नाही. स्टँडर्ड एरर मात्र १ वर येईल, कारण आपण काढलेली सरासरी आता जास्त भरवशाची झाली. एक आकडा पानांबद्दल बोलतो, दुसरा आपल्या सरासरीबद्दल. हे एकदा स्वतःच्या शब्दांत लिहिलंस की चौकटी लागणार नाहीत.

प्रत्येक गणिताखाली आकडे न वापरता एक वाक्य लिहायची सवय लाव: यावरून आपल्याला काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. चाचणीच्या शेवटी येणारी पी-व्हॅल्यू ०.०३ आली की ‘शून्य परिकल्पना (म्हणजे ‘खरा फरक काही नाही’ हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ असं असंख्य मुलं लिहितात, आणि ते चूक आहे. शून्य परिकल्पना खरी धरली, तर इतकी किंवा याहून टोकाची आकडेवारी मिळण्याची शक्यता ३ टक्के, एवढाच तिचा अर्थ. वाक्य लिहिल्याशिवाय ही चूक पकडीत येत नाही.

दोन विषयांच्या तुझ्या वेगवेगळ्या वह्यांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हे विषय मुळात इतके वेगळे नाहीत. मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी किती जुळतात ते तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी १९०० साली मांडणारे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन उत्क्रांती आणि आनुवंशिकतेच्या प्रश्नांमध्ये बुडालेले होते. रोनाल्ड फिशर तर आनुवंशशास्त्रज्ञही होते आणि संख्याशास्त्रज्ञही, आणि त्यांच्या बऱ्याच पद्धती शेतीच्या प्रयोगांचे आकडे समोर ठेवून तयार झाल्या. तेव्हा आणखी एक वही कर, पातळ चालेल, जिच्यात फक्त दोन्ही विषय एकत्र येणारी पानं असतील.

पहिलं पान वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं असू दे. तुझ्या जीवशास्त्राच्या वहीत ‘३:१’, म्हणजे संकरित झाडांच्या वाटाण्यांत तीन गोलांमागे एक सुरकुतलेला, असं लिहिलेलं असेल, तेही चौकटीत. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेले आकडे मात्र असे आहेत: २५३ संकरित झाडांपासून ७३२४ वाटाणे, त्यांतले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. बरोब्बर ३:१ असतं तर ५४९३ आणि १८३१ मिळाले असते. फरक १९ चा. मग हा फरक योगायोगाचा म्हणून सोडून द्यायचा की नियम चुकला म्हणायचं? इथे तुझी काय-स्क्वेअरची चौकट कामाला येते. १९ चा वर्ग ३६१. त्याला ५४९३ ने भागलं तर ०.०६६, १८३१ ने भागलं तर ०.१९७, बेरीज ०.२६३. एका डिग्री ऑफ फ्रीडमसाठी (एकूण ठरलेली असताना गोलांचा आकडा कळला की सुरकुतलेल्यांचा आपोआप ठरतो, म्हणून एकच) ५ टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ आहे, तिच्या आपण कितीतरी खाली आहोत. म्हणजे ही आकडेवारी ३:१ च्या विरोधात जात नाही. सिद्ध झालं असं मात्र म्हणता येत नाही. हेच ते खाली लिहायचं वाक्य.

आणि या पानावर मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. मेंडेलने टोकाची दोन झाडंही नोंदवून ठेवली आहेत. एकावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले वाटाणे, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. समज, हे दुसरं एकच झाड तुझ्या हाती आलं असतं. ३:१ तुला कधी सुचलं असतं का? याच १४ आणि १५ वर काय-स्क्वेअर करून बघ, ११ च्या वर येतो. मग नियम मोडला का? २५३ झाडांतून मुद्दाम सगळ्यांत टोकाचं निवडल्यावर तसं म्हणता येईल का? या प्रश्नाशी अर्धा तास बस. नमुन्याचा आकार म्हणजे काय, योगायोग म्हणजे काय, आकडे निवडून घेतले की निष्कर्ष कसा फसतो, हे सगळं या एका झाडात आहे. मी स्वतः शिकत असताना हे पान पहिल्यांदा असं सोडवलं, त्या दिवशी संख्याशास्त्राची भीती बरीचशी गेली होती. तुझीही जाईल अशी मला मनापासून आशा आहे.

तुझ्यासारखंच कच्च्याचं पक्कं करत बसलेले इतर वाचकही हे वाचत असतील, म्हणून रोजच्या अडीच तासांचं काय करायचं ते सांगते. पक्की वही करणं आजपासून बंद. वर्गातली कच्ची टिपणं तशीच ठेवायची, फक्त समास रुंद सोडायचा. त्याच दिवशी टिपणं झाकून कोऱ्या कागदावर वीस मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग वही उघडून सुटलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. किती सुटलं ते बघून पहिले काही दिवस घाबरायला होतं. होऊ दे. समासात त्या तासाचे चार-पाच प्रश्न लिहायचे. ते प्रश्न दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा सोडवायचे, वही झाकून. संख्याशास्त्राची गणितं प्रकरणवार सोडवू नकोस. ‘टी-टेस्ट’ (दोन सरासरींची तुलना करायची चाचणी) असं शीर्षक असलेल्या पानावर प्रत्येक गणिताला टी-टेस्टच लागणार, मग निवडायचं काय? वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिही, चिठ्ठ्या मिसळ, आणि उचललेल्या चिठ्ठीवर आधी फक्त एवढंच लिही की कोणती पद्धत वापरायची आणि का. सगळी सोडवायलाच हवीत असं नाही. हे सगळं दीड तासात बसतं. उरलेला तास झोप.

पाठांतर करायचंच नाही, असा याचा अर्थ काढू नकोस. जीवशास्त्रात नावं खूप आहेत आणि ती पाठच करावी लागतात. चिठ्ठीच्या एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला काम, आणि येता-जाता उलटसुलट विचारणं, याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

विषय सोडायचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. विषय बदलायची मुदत कधी संपते ते कार्यालयात विचार आणि त्याआधीची पाच-सहा आठवड्यांची मुदत स्वतःला दे. उत्तरपत्रिकेवरच्या तीन खुणांचे आकडे आज लिहून ठेव, पुढच्या चाचणीनंतर पुन्हा मोज. पद्धत आणि अर्थ या दोन्हींत चुका कमी झाल्या असतील तर राहा. अजिबात हलल्या नाहीत, आणि विषयाबद्दल मनात काही उमलतही नसेल, तर सोडायला माझी हरकत नाही. मात्र जीवशास्त्राच्या प्रयोगांमध्ये संख्याशास्त्र पुन्हा भेटेल, हे लक्षात ठेवून सोड.

आणि मैत्रिणीशी बोल. तिने कुठे कुठे प्रश्नचिन्हं केली होती, ते तिला अजून आठवत असेल. एखाद्या दुपारी दोघी वही उघडून बसा आणि ती जी जागा दाखवेल तिथे या वेळी तू पेन्सिल धर. तिला काय कळलं नव्हतं ते तिने सांगायचं, तू वहीत न बघता समजावायचं. जिथे तुझी जीभ अडखळेल तिथे खूण कर आणि ती राहू दे.

तुझी ताई